विडी-पाणी

इस्तारीच्या तोंडात काहीतरी बिघडलं आहे, हे वच्छलाला त्याच्या जेवण्यावरून कळलं. तो घास डाव्या गालात धरून खाऊ लागला होता. चुकून उजवीकडे गेला तर एक डोळा बारीक करायचा आणि जिभेनं घास पलीकडे ढकलायचा. विचारलं तर म्हणायचा, "दाढ दुखून राह्यली." दाढ दुखत नव्हती. उजव्या गालाच्या आत आधी पांढरा चट्टा होता, मग तो फुटला, मग त्याला वास येऊ लागला. नागभीडच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि नागपूरची चिठ्ठी लिहून दिली.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आधी त्याचे होते नव्हते ते दात काढले. हिरड्या बसल्यावर गालात रेडियमच्या सुया टोचून ठेवल्या. त्या दिवसांत वच्छलाला त्याच्याजवळ जाऊ देत नसत. ती व्हरांड्यात बसून राही आणि दाराच्या फटीतून त्याचे पाय तेवढे पाही. सुया काढल्यावर गाल आतून सोलल्यासारखा झाला. थुंकी आटली. पाण्याचा घोट घेतला तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

घरी पाठवताना डॉक्टरनं वच्छलाला जवळ बोलावलं. माणूस तरुण होता, घाईत होता, पण वाईट नव्हता.

"बाई, नीट ऐका. या गालाला मी सुया टोचल्या, त्या परत टोचता येत नाहीत. मांस हे एकदाच सोसतं. त्यानं विडी ओढली तर जखम भरणार नाही, आणि भरली तरी रोग परत येईल. मग माझ्याजवळ दुसरं काही नाही. कळलं? कमी करायची नाही. विडी बंद. एकदम बंद."

वच्छलानं मान हलवली. विडी बंद हे शब्द तिच्या ओळखीचे होते. तिच्या ढिवरपुऱ्यातल्या, मासे मारणाऱ्यांच्या वस्तीतल्या, लहान पोरालाही ते ठाऊक होते: जात ज्याला बाहेर टाकते, त्याची विडी बंद होते. पण डॉक्टरच्या तोंडी ते वेगळेच वाटले.

ती दोघं गावी आली तेव्हा चैत्र सरत आला होता. तलाव आटून बांधाच्या पाळीपासून लांब गेला होता. पाळीला लागूनच ढिवरांची घरं. जांभळाखाली डोमा जाळं विणत बसला होता. डोमा इस्तारीचा धाकटा भाऊ. दोघांचं जाळं एक, लाकूड कोरलेला डोंगा एक. इस्तारी टोकाशी उभा राहून जाळं फेकायचा आणि डोमा मागं बांबू लावायचा.

"आला गा भाऊ!" डोमा उठला. जवळ आला आणि थबकला. भावाचं तोंड बसलं होतं, गालाची कातडी काळी पडली होती. त्यानं कानावरची विडी काढली, चकमक घासली, कापसाचा विस्तव फुंकला, विडी पेटवून स्वतः एक झुरका मारला आणि इस्तारीपुढं धरली.

इस्तारीनं ती घेतली.

"देऊ नका भाऊजी," वच्छला डोक्यावरचं गाठोडं न उतरवताच म्हणाली. "डॉक्टरनं विडी बंद केली त्यायची."

जांभळाखालची माणसं हसली. डोमाही हसला. "डॉक्टर कोन आमची विडी बंद करनारा? तो काय जातीचा पंच होय?"

इस्तारी हसला नाही. त्याचे ओठ विडीभोवती नीट मिटत नव्हते, धूर बाजूनं निघून जात होता. तो पुन्हा पुन्हा ओढत होता.

वच्छलानं जमेल ते सगळं केलं. घरातल्या विड्या चुलीत घातल्या. तोंडात धरायला वाळल्या हिरडा-फळाचा तुकडा दिला, त्यानं सोललेला गाल झोंबला. गुळाचा खडा दिला. थुंकी नसल्यामुळं तो तसाच जिभेवर पडून राहिला. इस्तारी सकाळी उठला की त्याच्या हाताला कंप सुटायचा. जाळ्याची गाठ बसेना झाली, की जाळं फेकून द्यायचा आणि पाळीवर जायचा. पाळीवर कोणी ना कोणी असायचंच.

ती घरोघर गेली. "त्यायले विडी देऊ नका," म्हणून सांगून आली. सगळे हो म्हणाले. हो म्हणून देत राहिले.

"मांगते त्याले नाई कसं म्हनू वं?" शेजारची शकुबाई म्हणाली. ती नात्यानं चुलतसासू. दारात बसून तीही विडी ओढत होती. "मरनाच्या दारातून आला बिचारा. त्याले भात चालत नाई, मिरची चालत नाई, दात नाई. एका विडीचं सुख, तेही तू हिसकून घेतं. सवतीसारखी करून राह्यली तू."

"ते मरतीन, आत्या."

"सारेच मरतीन."

वैशाखात तलावात चिखल उरला. मग सगळा ढिवरपुरा तेंदूची पानं तोडायला जंगलात जाऊ लागला. इस्तारी आणि वच्छलाही गेली. पहाटे निघायचं, ऊन डोक्यावर यायच्या आत पोतं भरायचं, घरी येऊन सावलीत पानं एकावर एक रचून सालीच्या दोरीनं पुडे बांधायचे आणि दिवस कलताना पानं विकत घेणाऱ्या ठेकेदाराच्या फळीवर नेऊन मोजून द्यायचे. इस्तारीचं अंग आधीच गळालेलं. तो वाकला की त्याच्या काळवंडलेल्या गालावर घाम साचे आणि मीठ लागून चरचरे. तो गाल पुसत नसे. पुसलं तर कातडी निघायची. फळीवरचा मुनशी पानं घेताना सगळ्यांना एकेक विडी द्यायचा. इस्तारीही हात पुढं करायचा. वच्छला त्या वेळी दुसरीकडे पाही. चार माणसांत नवऱ्याच्या हातातून काहीतरी काढून घेणं तिला जमत नव्हतं.

एक दिवस झाडताना तिनं कोपऱ्यातला तुंबा उचलला. जाळं पाण्यावर तरंगावं म्हणून वाळल्या भोपळ्याचे तुंबे बांधतात, त्यांतलाच एक. तो आत खुळखुळला. तिनं तोंडाचा बुच काढला. आत विड्या होत्या, कापूस होता, चकमक होती. पाण्यात पडला तरी आतलं भिजू नये असा पक्का बुच त्यानं बसवला होता.

इस्तारी दारात उभा होता.

"मले दे तो."

"गाल पाहा तुमचा. काल उशीवर रक्त होतं. डॉक्टर काय बोल्ला..."

"डॉक्टर डोंग्यात बसत नाई." त्याचे शब्द दातांवाचून फुसफुसत यायचे. "तोंडात चव नाई. थुंकी नाई. बोललेलं कोनाले समजत नाई. साऱ्यायच्या हातात विडी फिरते, माह्यापाशी आली का मी काय तिले पुढं लोटू? काय सांगू? का मी मराले भेतो म्हून?"

"हाव. तसंच सांगा."

त्यानं तुंबा तिच्या हातातून घेतला. ओढाताण झाली नाही. तिनं सोडून दिला.

त्याच दिवशी दुपारी ती जंगूबुढ्याकडे गेली. जंगूबुढा जातपंचांतला सगळ्यांत मोठा. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, पण बोटांना दिसत असे. तो मोहाखाली बसून, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून, फाटकी घरं भरत होता.

वच्छला पदर डोक्यावर घेऊन लांब बसली. "बाबा, चुकत असंन तं माफी करा. त्यायची विडी बंद करा."

म्हाताऱ्याचा हात थांबला. "कोनाची? इस्तारीची? काय केलं त्यानं?"

"काई नाई केलं. डॉक्टर म्हनते विडी बंद करा. माह्या सांगन्यानं होत नाई. पंचायनं सांगितलं तं कोनी देनार नाई, तेही मांगनार नाई."

जंगूबुढा बराच वेळ हसला. मग ती हसत नाही हे कळून गंभीर झाला. "बाई, विडी एकटी बंद होत नाई. विडीच्या मांगं पानी येते, पान्याच्या मांगं विस्तव येते, विस्तवाच्या मांगं खांदा येते. साराच धागा उसवते. अन् बिना गुन्ह्याची मी कशी बंद करू? माह्या घरची होय काय जात?"

तो पुन्हा जाळं भरू लागला. वच्छला उठली नाही. मोहाची फळं जमिनीवर पडली होती, त्यांतलं एक ती बोटानं फिरवत राहिली. तिला पुऱ्यातल्या झाडूची आठवण झाली. झाडू नावाच्या माणसाच्या मांडीला बैलाचं शिंग लागलं होतं, ती जखम चिडली, तिच्यात किडे पडले. जखमेत किडे पडले की माणूस जातीबाहेर, हा जुना नेम. त्याचा त्यात दोष नसला तरी. जखम भरेपर्यंत झाडूचं विडी-पाणी बंद होतं. भरल्यावर त्यानं जातीला जेवण दिलं आणि तो जातीत आला. त्या जेवणाचा भात वच्छलानंही रांधला होता.

"बाबा," ती म्हणाली, "किडे पडले."

"कुठी?"

"त्यायच्या गालात."

सुई म्हाताऱ्याच्या हातातून खाली आली. "तू पाह्यले?"

"पाह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळाखाली पंच बसले. इस्तारीला समोर उभं केलं. जंगूबुढा म्हणाला, "तोंड उघड." इस्तारीनं उघडलं. वास आला तसं पुढच्या माणसांनी तोंड फिरवलं. आत वाकून कोणीच पाहिलं नाही.

"कसे होते, बाई?"

"पांढरे," वच्छला म्हणाली. तिचा आवाज चांगला स्थिर होता. "तांदळाच्या कनीसारखे. बारीक. धूर लागला का हलतेत."

इस्तारीनं तिच्याकडे पाहिलं. मग त्याचा हात हळूच गालावर गेला. गालाला बाहेरून हात लावून तो आत काही हलतं का ते बघत होता. पंचांना फसवायचं तिनं ठरवलं होतं. तोही खरं मानील, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. त्याला स्वतःच्या तोंडात बघता येत नव्हतं. घरात आरसा नव्हता.

"जखम भरेपर्यंत इस्तारीचं विडी-पानी बंद," जंगूबुढा म्हणाला. "घर धरून."

डोमानं कानावरची विडी काढली, बोटांत फिरवली आणि परत कानावर ठेवली. मग तो भावाकडे न बघता डोंग्याकडे निघून गेला.

विडी बंद झाली. डॉक्टरला हवी होती तशी, एकदम. ढिवरपुऱ्यात कोणी त्याला जवळ करेना. गावातल्या दुकानदारानंही किड्यांचं ऐकलं होतं. तो दुरूनच "तिकडंच उभा राह्य" म्हणायचा. मुनशीनं लांबूनच त्याच्यापुढं विडी फेकली, तर इस्तारीनं ती उचलली नाही. तुंब्यातल्या विड्या त्यानं स्वतः तलावात ओतल्या. धूर लागला की हलतात, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं.

पहिले दिवस फार वाईट गेले. तो रडकुंडीला यायचा, तिच्या अंगावर धावून जायचा, मग अंगणात उकिडवा बसून केरसुणीची काडी ओठांत धरून ओढत राहायचा. काडीतून वारा यायचा. त्यानं त्याचं थोडं भागायचं. मिठाच्या कोमट पाण्यानं तो दिवसातून कितीदा गुळण्या करायचा आणि थुंकलेल्या पाण्यात काडी घालून काहीतरी शोधायचा. सकाळी तलावाच्या काठावर ओणवा होऊन, तोंड जितकं उघडेल तितकं उघडून, पाण्यात बघत राहायचा. पाणी हललं की थांबायचा. निवळलं की पुन्हा बघायचा.

"काय पाहता?" वच्छला एकदा म्हणाली.

"दिसत नाईत."

"गेले असतीन."

"एवढ्यात कसे जातीन?"

सांगून टाकावं असं तिला तेव्हा वाटलं. पण त्याच्या श्वासाला वास कमी येत होता. उशीवर रक्त नव्हतं. ती घागर भरून घरी आली.

पाऊस लागला, तलाव भरला. डोमा दुसऱ्या एका माणसाला घेऊन जाळं टाकू लागला. तो डोंगा दोघांचा असून आता इस्तारीच्या वाट्याला कधी कधी, सगळ्यांचं झाल्यावर, यायचा. जाळं एकट्यानं फेकता येतं, पण डोंगा कोणीतरी धरावा लागतो. म्हणून वच्छला मागं बांबू घेऊन बसली. बाई डोंग्यात बसलेली गावानं पाहिली नव्हती.

"आता मासोळ्याही लुगडं नेसून येतीन!" शकुबाई पाळीवरून ओरडली. बायका हसल्या. इस्तारीनं मान खाली घातली आणि जाळं फेकलं. ते उघडलंच नाही, गोळा होऊन पाण्यात पडलं. ओल्या जाळ्यानं वच्छलाच्या हाताला भेगा पडल्या, त्यांत झिंग्यांचे काटे जायचे. हाती आलेले मासे ढिवरपुऱ्यात कोणी घेत नव्हतं. ती ते टोपलीत घेऊन लांबच्या गावांत विकायला जायची. तिथं कोणी ओळखलं, की टोपली तशीच परत.

पोळ्याच्या सुमारास शकुबाईचा नातू वारला. सगळे गेले. इस्तारी लांब बाभळीजवळ उभा राहिला. त्याला पुढं जाता आलं नाही, खांदा देता आला नाही. परत येताना डोमा त्याच्या जवळून गेला. दोघं थांबले.

"भरून राह्यली काय गा?" डोमानं जमिनीकडे बघत विचारलं.

"भरून राह्यली."

"लवकर भर."

एवढंच. पण त्या दिवशी इस्तारी जेवताना वच्छलाला म्हणाला, "डोमा बोल्ला." आणि भात दोन्ही गालांत फिरवून त्यानं पेजेची वाटी पुन्हा पुढं केली.

कार्तिकात ती दोघं नागपूरला गेली. डॉक्टरनं बॅटरी मारली, बोट घालून गाल आतून चाचपला, गळा चाचपला. मग हसला. वच्छलानं त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"छान भरलंय. विडी?"

"बंद," इस्तारी म्हणाला.

"शाबास! माझे निम्मे रोगी इथून बाहेर पडले की फाटकाशीच पेटवतात. तुझी कशी सुटली?"

इस्तारीनं गालाला हात लावला. "साहेब, किडे गेले काय सारे?"

"कसले किडे?"

"जखमेतले."

"तुझ्या जखमेत किडे कधी नव्हतेच. ती सुयांची जखम, आतून भाजल्यासारखी. किडे कोणी सांगितले तुला?"

इस्तारीनं वच्छलाकडे पाहिलं नाही. "गावातले बोलत," तो म्हणाला.

नागभीडपर्यंत लहान आगगाडीत तो खिडकीशी बसला होता. तिथून गावाची पायवाट धरली. धानाचे बांध पिवळे झाले होते. तो पुढं, ती गाठोडं घेऊन मागं. गाव दिसायला लागलं तेव्हा तो थांबला.

"कनीसारखे. पांढरे," तो म्हणाला. "मी रोज पाह्यत होतो तलावात. मले वाटे, हिले दिसले अन् मले काऊन दिसत नाई."

वच्छला उभी राहिली. "दुसरं काई सुचलं नाई मले."

"झोपेत मले वाटे चालतेत. इथी. कानापर्यंत."

इस्तारी तिच्याकडे बघत राहिला. तो राग होता की काय होतं ते सांगणं कठीण. मग त्यानं तिच्या डोक्यावरचं गाठोडं काढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि चालू लागला.

जातीचं जेवण मार्गशीर्षात ठरलं. आदल्या दिवशी डोमा अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. अजून आत यायची मोकळीक नव्हती, पण त्याचा आनंद मावत नव्हता.

"भाऊ, उद्या सुटला तू! डोंग्याले नवा बांबू तोडून आनला. उद्या जंगूबाबाची विडी ओढली का परवा पहिलं जाळं तुहं."

वच्छला तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "कोनती विडी, भाऊजी?"

"कोनती म्हंजे? पंचायची. बाबा पेटवते, सारे एकेक झुरका घेतेत, मंग ज्याची बंद होती त्याले देतेत. त्यानं ओढली का जातीत आला."

झाडूच्या जेवणाच्या दिवशी वच्छला मागच्या अंगणात होती. चुली तिथं मांडल्या होत्या, बायका तिथं होत्या. पुढं जांभळाखाली पुरुष काय करतात ते कोणत्या बाईनं पाहिलं होतं? तिला वाटलं होतं, जेवण दिलं की झालं.

ती तशीच जंगूबुढ्याकडे गेली.

"बिना विडीचं होत नाई काय बाबा? सुपारीवर? पान्यावर?"

"विडी बंद केली, तं विडीनंच खुलते, बाई. एका झुरक्यानं काय होते? तो काय लेकरू होय?"

"दुसरी वाट नाई?"

म्हाताऱ्यानं पांढरे डोळे तिच्याकडे वळवले. "एक हाय. बंदच खोटी होती असं निघालं, तं खोलाचं कामच नाई पडत. पन मंग ज्यानं खोटं सांगून जातीले फसवलं, त्याची बंद होते. अन् ते जेवनानं खुलत नाई. जलमाची असते."

त्याला कळलं होतं की काय, वच्छलाला समजलं नाही.

घरी येऊन ती इस्तारीला म्हणाली, "उद्या मी सांगून देईन. माह्याच तोंडानं झालं, माह्याच तोंडानं मोडीन. तुमाले विडी ओढा लागनार नाई."

"अन् तू?"

"मी राहीन बाजूनं. मागच्या छपरीत."

"तुह्या हातचं मी खाईन, का मंग माहीही बंद. मंग काय मिळालं?" तो उठून दाराशी गेला. "तू उद्या चुलीपाशी राह्य. पुढं येऊ नको."

"एक झुरकाही नको बोल्ला डॉक्टर."

"चुलीपाशी राह्य."

दुसऱ्या दिवशी दुपारी जांभळाखाली पंगत बसायची होती. मागं तीन दगडांच्या चुलींवर भात शिजत होता, मरळीचं कालवण उकळत होतं. शकुबाई ढवळत होती. तिनं आज सकाळी पहिल्यांदा वच्छलाच्या घागरीतलं पाणी घेतलं होतं, आणि घेताना तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. "सुटली वं माय," म्हणाली होती.

पुढून चकमकीचा आवाज आला. वच्छलानं हातातलं पळं टाकलं आणि ती छपरीच्या कडेनं पुढं आली. तिला पाहून माणसं बोलायची थांबली.

विडी जंगूबुढ्याच्या हातातून निघाली होती. एकाच्या ओठांतून दुसऱ्याच्या ओठांत जात ती डोमापाशी आली. डोमानं डोळे मिटून झुरका घेतला आणि भावापुढं धरली. इस्तारी मांडी घालून बसला होता, अंगात धुतलेली बंडी, काळवंडलेला गाल आता बराच उजळलेला.

"बाबा," वच्छला म्हणाली. "थांबा. मले सांगाचं हाय. त्या दिवशी मी जे..."

इस्तारीनं विडी घेतली. डोमाच्या हातातून ओढूनच घेतली, ओठांत धरली आणि गाल पार आत जाईपर्यंत ओढली. मग जोराचा ठसका लागला. तो वाकला, खोकला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या खोकल्यात तिचे पुढचे शब्द कोणाला ऐकू आले नाहीत.

"विसरला गा भाऊ ओढाले!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. डोमा रडत हसत होता. त्यानं भावाच्या खांद्याला मिठी मारली.

"काय सांगत होती, बाई?" जंगूबुढ्यानं विचारलं.

इस्तारीनं मान वर केली. डोळे लाल झाले होते. त्यानं वच्छलाकडे पाहिलं आणि विडी दुसऱ्यांदा ओठांत धरली, धरून ठेवली. ती आणखी बोलली असती तर त्यानं ओढली असती.

"भात झाला," वच्छला म्हणाली. "पंगत बसवा."

दुसऱ्या दिवशी पहिलं जाळं इस्तारीनं टाकलं. पाळीवरून तिनं पाहिलं, ते पूर्ण गोल उघडून पाण्यावर पडलं. मग जाळं बसेपर्यंत दोघं भाऊ डोंग्यात बसले आणि त्यांच्यावर धुराची एक बारीक रेघ उठली.

"एकच," तो घरी आल्यावर म्हणाला. "डोंग्यातली. बाकी नाई."

बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. तिनं पाणी तापवलं. त्यानं गुळण्या केल्या. शिंगाड्याचे दिवस आले, गेले. शकुबाई विस्तव मागायला येऊ लागली, वच्छलाचे मासे पुऱ्यातच खपू लागले. डोंग्यातली विडी पाळीवर आली, मग अंगणात आली. इस्तारी ती तिच्यापासून लपवत नसे. फक्त ओढताना पाठ तिच्याकडे करायचा.

तेंदूला नवी पानं फुटली. एक दिवस जंगलातून येऊन, पुडे बांधून झाल्यावर, तिनं त्याला भात वाढला. मिरची न घातलेलं कालवण वर ओतलं. त्यानं घास घेतला. घास थोडा वेळ तोंडात तसाच राहिला. मग इस्तारीनं एक डोळा बारीक केला आणि जिभेनं तो हळूच डाव्या गालात ढकलला.

वच्छलाच्या हातात पळं होतं. तिनं भात अजून मऊ करून वाढला.